संकटकाळात कारखान्यातील संवाद : कामगाराची चिंता आणि सम्यक् वाचा

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हा सारा पट्टा कामगारांच्या घामावर उभा राहिला आहे. अंबरनाथच्या आयुध निर्माणी, शहाडचा सेंच्युरी रेयॉन, मोरिवली, आनंदनगर आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतील रसायनांचे व इंजिनिअरिंगचे कारखाने, उल्हासनगर कॅम्प नंबर ५ मधील जीन्सचे गाळे, या ठिकाणी राबून आपल्या असंख्य बांधवांनी घरे उभारली आणि मुलांना शिकविले. परंतु याच पट्ट्याने कारखान्यांची धुराडी थंड होतानाही पाहिली आहेत. अंबरनाथमध्ये विम्को नाका हे नाव उरले, आगपेट्यांचा तो कारखाना उरला नाही. मोहोने-आंबिवलीची एन.आर.सी. २००९ मध्ये बंद पडली आणि तेथील कामगारांच्या थकीत देण्यांचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे चालला.

अशा संकटात कामगाराचे नुकसान दोन प्रकारचे होते. पहिले पैशाचे; ते सर्वांना दिसते. दुसरे मनाचे, ते कोणाला दिसत नाही. नोकरी जाण्याआधीच त्याची झोप जाते. कर्जाचा हप्ता, मुलीची फी, आईचे औषध या विचारांनी तो रात्रभर कूस बदलत राहतो. सकाळी यंत्रासमोर उभा राहिल्यावर त्याचे लक्ष राहत नाही, आणि रसायनाच्या कारखान्यात लक्ष नसणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय. ही चिंता पूर्णपणे घालविणे कोणाच्याच हाती नसते. मात्र योग्य वेळी, योग्य शब्दांत बोलल्याने ती पुष्कळ कमी करता येते. ते कसे, याचा धम्माच्या आणि अनुभवाच्या आधारे विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. भीती कशी वाढते?

जातककथांमध्ये दद्दभ जातक नावाची एक कथा आहे. एका सशाच्या मनात विचार आला, की ही धरणीच दुभंगली तर मी जाऊ कोठे? त्याच क्षणी पिकलेले बेलफळ ताडाच्या पानावर पडून मोठा आवाज झाला. धरणी दुभंगली असे समजून ससा पळत सुटला. त्याला पाहून दुसरा ससा, मग हजारो ससे, मग हरणे, रानडुकरे, म्हशी, वाघ आणि हत्तीसुद्धा पळू लागले. काय झाले हे एकालाही माहीत नव्हते. सारा कळप समुद्राच्या दिशेने धावत होता आणि काही वेळातच बुडून मेला असता. तेव्हा सिंहाच्या रूपातील बोधिसत्त्व त्यांच्या आडवा उभा राहिला.

त्या सिंहाने काय केले हे नीट पाहण्यासारखे आहे. आधी त्याने सर्वांना थांबविले. मग, "तुम्हांला हे कोणी सांगितले?" असे एकेकाला विचारीत तो मूळ सशापर्यंत पोहोचला. त्याने सशाची थट्टा केली नाही की त्याला शिक्षाही केली नाही. घाबरलेल्या सशाला पाठीवर घेऊन तो त्या जागी गेला आणि पडलेले बेलफळ त्याने स्वतः पाहिले. त्यानंतर परत येऊन जे पाहिले ते त्याने सर्वांना सांगितले. थांबविणे, विचारणे, पाहणे आणि येऊन सांगणे, हे चार टप्पे होत. कारखान्याचा मॅनेजर असो, युनियनचा पदाधिकारी असो किंवा खात्यातील चार्जमन असो, संकटात त्याचे काम याच चार टप्प्यांचे असते.

आधुनिक शास्त्रही याच वाटेने जाते. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये अफवांवरील आपल्या ग्रंथात असे मांडले, की एखादी गोष्ट माणसाला जितकी महत्त्वाची आणि तिच्याविषयीची माहिती जितकी अस्पष्ट, तितकी अफवा बळावते. कामगाराला नोकरीपेक्षा महत्त्वाचे काय असणार? ते महत्त्व कमी करता येत नाही. अस्पष्टता मात्र कमी करता येते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ मध्ये ४५ स्वयंसेवकांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात हाताला विजेचा वेदनादायक झटका बसण्याची शक्यता कमीजास्त केली जात होती. झटका बसणारच हे ठाऊक असताना जितका ताण आला, त्यापेक्षा अधिक ताण 'बसेल की नाही' हे निम्मेनिम्मे असताना आला. म्हणजे वाईट बातमीपेक्षाही टांगती तलवार माणसाला अधिक छळते. "कशाला सांगायचे, उगाच घाबरतील," असे म्हणून गप्प बसणाऱ्या अधिकाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. कामगार आधीच घाबरलेला असतो, आणि साहेबांच्या मौनाचा तो सर्वांत वाईट अर्थ लावतो.

२. अंबरनाथचा अनुभव

आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण आयुध निर्माणींचे आहे. देशातील ४१ आयुध निर्माणी आयुध निर्माणी बोर्डाच्या म्हणजे थेट सरकारच्या अखत्यारीत होत्या आणि तेथील कामगार हा केंद्र सरकारचा कर्मचारी होता. त्यांचे कंपन्यांत रूपांतर करण्याच्या हालचालींविरुद्ध कामगार महासंघांनी २० ऑगस्ट २०१९ पासून एक महिन्याचा संप पुकारला. मंत्रालयाशी बोलणी झाल्यावर आठवडाभरातच तो स्थगित झाला. १६ मे २०२० रोजी, कोरोनाच्या टाळेबंदीतच, अर्थमंत्र्यांनी या रूपांतराची घोषणा केली. जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यास मंजुरी दिली. त्याच महिनाअखेर अत्यावश्यक संरक्षण सेवांतील संपास मनाई करण्याची तरतूद असलेला अध्यादेश निघाला व पुढे त्याचा कायदा झाला. १ ऑक्टोबर २०२१ रोजी बोर्ड विसर्जित होऊन सात कंपन्या अस्तित्वात आल्या. अंबरनाथची आयुध निर्माणी यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेली, तर तिच्या शेजारची मशीन टूल प्रोटोटाईप फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे गेली. एकाच वसाहतीत राहणारे, एकाच विहारात येणारे दोन शेजारी दोन वेगळ्या कंपन्यांचे झाले.

देशभरातील सुमारे ७० हजार कर्मचाऱ्यांपुढे तेव्हा तेच प्रश्न होते. पेन्शनचे काय? सी.जी.एच.एस.च्या दवाखान्याचे काय? क्वार्टर राहील काय? बदली होईल काय? सरकारने यावर जे सांगितले ते असे, की कर्मचारी प्रारंभी दोन वर्षे नव्या कंपनीत प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले जातील आणि त्या काळात केंद्रीय कर्मचारी म्हणून त्यांच्या सेवाशर्ती कायम राहतील. हे लेखी आणि स्पष्ट होते, म्हणून आजच्या चिंतेला त्याने काही उत्तर मिळाले. परंतु "दोन वर्षांनंतर काय?" हा प्रश्न तसाच राहिला. पुढे ही मुदत वाढविण्यात आली. प्रत्येक मुदतवाढीने हायसे वाटले आणि पुढच्या तारखेची धास्तीही सुरू झाली.

कंपनीकरण योग्य की अयोग्य, याविषयी मतभेद आहेत. तो वाद बाजूला ठेवला तरी संवादाच्या दृष्टीने यातून मोठा धडा मिळतो. 'आज काय राहणार' एवढे सांगून माणसाचे समाधान होत नाही. काय ठरले, काय ठरलेले नाही, ते कोण ठरविणार आणि केव्हा सांगणार, या चारही गोष्टी त्याला हव्या असतात. आणखी एक गोष्ट म्हणजे, निर्णय झाल्यावर समजावून सांगणे आणि निर्णय होण्यापूर्वी विचारणे यांत फार अंतर आहे. ज्याला आधी विचारले जाते त्याला नंतरची अप्रिय गोष्टही पचविता येते.

३. तथागतांची शिकवण

आर्य अष्टांगिक मार्गातील सम्यक् वाचा आपण सर्वजण जाणतो. खोटे न बोलणे, चहाडी न करणे, कठोर न बोलणे आणि वायफळ न बोलणे, ही तिची चार अंगे होत. संकटातील कारखान्यात ही चारही अंगे रोज मोडली जातात. "काही झालेले नाही, कामाला लागा," हे असत्य. "अमुक खात्याच्या लोकांमुळेच ही पाळी आली," ही चहाडी. "जमत नसेल तर गेट उघडे आहे," ही कठोर वाणी. आणि चहाच्या टपरीवर रंगणाऱ्या अफवा म्हणजे वायफळ बोलणे होय.

मग अप्रिय सत्य सांगावे की नाही? मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात याचे उत्तर आहे. राजकुमार अभयाच्या मांडीवर एक तान्हे बाळ होते. या बाळाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील, असे भगवंतांनी विचारले. रक्त निघाले तरी मी तो बाहेर काढीन, कारण मला बाळाची करुणा आहे, असे उत्तर राजकुमाराने दिले. भगवंतांनी हाच दृष्टांत वाणीला लावला. जे सत्य नाही व हिताचे नाही ते तथागत बोलत नाहीत. जे सत्य आणि हिताचे आहे ते ऐकणाऱ्याला अप्रिय असले तरी योग्य वेळ जाणून बोलतात. सत्य, हित आणि वेळ या तीन कसोट्या मॅनेजरलाही लागू आहेत व युनियनच्या पुढाऱ्यालाही. पगार लांबणार हे आठ दिवस आधी सांगणे अप्रिय असले तरी हितकारक आहे, कारण कामगार हप्त्याची काही सोय करू शकतो. तेच पगाराच्या दिवशी सांगितले तर ते सत्य असूनही निरुपयोगी ठरते.

दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सेवक आणि कामगार यांना सहा दिशांपैकी एक दिशा मानले. मालकाने त्यांना शक्तीनुसार काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, चांगल्या पदार्थात वाटा द्यावा आणि वेळेवर सुट्टी द्यावी, अशी पाच कर्तव्ये सांगितली. कामगारांनाही प्रामाणिकपणाची व चांगल्या कामाची कर्तव्ये सांगितली. हे नाते दोन्ही बाजूंचे आहे, हे त्यातील मर्म. म्हणून एक इशारा येथे देणे अगत्याचे वाटते. गोड बोलून पगार बुडविणे हा संवाद नव्हे. वेतनाचे कर्तव्य टाळण्यासाठी वापरलेली मृदू भाषा ही असत्य वाणीच होय.

४. बाबासाहेब आणि बोलण्याचा अधिकार

कामगाराला केवळ ऐकविले जाऊ नये, तर त्यालाही बोलता यावे, यासाठी बाबासाहेबांनी व्यवस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीत त्यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेत सरकार, मालक आणि कामगार या तिन्ही पक्षांनी एकत्र बसण्याची कायम यंत्रणा उभारण्याचा निर्णय झाला. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४६ च्या दुरुस्तीने, बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला.

पुढे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी कार्यसमितीची आणि सेवाशर्तींतील बदलापूर्वी २१ दिवसांच्या नोटिशीची तरतूद झाली. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळची वायुगळती झाली. तिच्यानंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन, धोकादायक रसायनांची माहिती कामगारांना व आसपासच्या वस्तीला देणे मालकावर बंधनकारक झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे कायदे नव्या कामगार संहितांमध्ये सामावले गेले आहेत. त्यांतही बदलाची नोटीस, तक्रार निवारण समिती आणि तातडीचा धोका दिसल्यास तो मालकाच्या नजरेस आणून देण्याचा कामगाराचा हक्क या गोष्टी आहेत. सांगायचे तात्पर्य, माहिती मिळणे ही साहेबांची मेहेरबानी नाही, तो आपला हक्क आहे.

५. प्रत्यक्षात काय करावे?

चार आर्यसत्यांचा क्रम येथे उपयोगी पडतो. दुःख काय आहे, त्याचे कारण काय, ते दूर होऊ शकते काय, आणि त्यासाठी मार्ग कोणता? ऑर्डर कमी झालेल्या एखाद्या कारखान्यात याच क्रमाने असे सांगता येईल : "दोन मोठ्या ऑर्डर रद्द झाल्या आहेत, कारण परदेशातील मागणी घटली आहे. या महिन्याचा पगार ७ तारखेलाच होईल. पुढच्या महिन्याचे अजून ठरलेले नाही. नव्या ऑर्डरसाठी बोलणी चालू आहेत. दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत, जे कळले असेल ते आम्ही सांगू. काही कळले नसेल तर तसेही सांगू." यात मोठे आश्वासन काहीच नाही. तरीही ऐकणाऱ्याला शुक्रवारपर्यंतचा आधार मिळतो. मात्र तो शुक्रवार पाळलाच पाहिजे. एक शुक्रवार चुकला की आधीचे सर्व शब्द वाया जातात.

यासोबत पुढील गोष्टी पाळाव्यात :

(अ) जबाबदार माणसाने स्वतः खात्यात जाऊन बोलावे. इंग्रजी नोटीस फलकावर लावून काम संपत नाही. ती मराठीत व हिंदीत वाचून दाखवावी.

(आ) तिन्ही पाळ्यांना एकच गोष्ट सांगावी. रात्रपाळीला वेगळे कळले की संशय वाढतो.

(इ) कंत्राटी कामगार व सफाई करणाऱ्या भगिनी यांना वगळू नये. त्यांना सर्वांत शेवटी कळते आणि सर्वांत आधी झळ बसते.

(ई) सांगितल्यावर थांबावे आणि प्रश्न ऐकावेत. चारचौघांत बोलू न शकणाऱ्यासाठी चिठ्ठीची पेटी ठेवावी आणि चिठ्ठ्यांची उत्तरे सर्वांसमोर द्यावीत.

(उ) सुपरवायझरला आधी माहिती द्यावी. कामगार पहिला प्रश्न त्यालाच विचारतो. "मलाच काही माहीत नाही," हे त्याचे उत्तर आगीत तेल ओतते.

रसायनांच्या कारखान्यात संकट मिनिटांचे असते. तेथे संवाद अपघातापूर्वीच झालेला असावा लागतो. कोणते रसायन आहे, भोंग्याचा अर्थ काय, वाऱ्याची दिशा पाहून कोणत्या गेटने बाहेर पडायचे, कोठे जमायचे, हे नव्या कंत्राटी मुलालाही पहिल्याच दिवशी कळले पाहिजे. घरच्यांनाही निरोप गेला पाहिजे. २६ जुलै २००५ च्या महापुरात असंख्य कामगार रात्री घरी पोहोचू शकले नाहीत. अशा रात्री कारखान्यातून "माणसे सुरक्षित आहेत" एवढा एक फोन गेला तरी घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो.

जीन्सच्या लहान गाळ्यात ना कार्यसमिती असते ना नोटीस बोर्ड. शेठ आणि दहा-पंधरा कारागीर एवढाच कारभार. २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत अशा ठिकाणच्या कामगाराला मागचा हिशेब मिळेल काय, काम पुन्हा केव्हा सुरू होईल, हेच कळत नव्हते. तेथे शेठने प्रत्येकाला फोन करून हिशेबाचा आकडा आणि देण्याची तारीख सांगणे, हाच संवाद होय. त्याला काही खर्च येत नाही.

६. आपली स्वतःची जबाबदारी

कामगारानेही काही पथ्ये पाळावीत. कालाम सुत्तात तथागतांनी केवळ ऐकीव गोष्टीवर विसंबू नका असे सांगितले. मोबाईलवर आलेला निरोप पुढे धाडण्यापूर्वी तो कोणी लिहिला, कोणत्या तारखेचा आहे, सही-शिक्का आहे काय, एवढे तरी पाहावे. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, पी.एफ.चा हिशेब घरी जपून ठेवावा. कागद हातात असले की भीती निम्मी होते. घरात पत्नीपासून संकट लपवू नये. पुरुष गप्प राहतो, मग व्यसनाकडे वळतो, आणि पाचवे शील तेथेच मोडते. दोघांनी मिळून महिन्याचा खर्च मांडला तर वाट दिसते.

विहार आणि आपल्या कल्याणकारी संस्था यांनी रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास यासाठी द्यावा. आलेली नोटीस वाचून तिचा अर्थ सांगावा. कायदा जाणणाऱ्या निवृत्त बांधवांनी मार्गदर्शन करावे. जो नेहमी येणारा उपासक अचानक येईनासा झाला, त्याच्या घरी दोघांनी जावे. कोणी जगण्याविषयीच निराशेचे बोलू लागला तर त्याला एकटे सोडू नये, डॉक्टरांकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. तिची मदत घेण्यात कसलाही कमीपणा नाही.

समारोप

संकट टाळणे नेहमीच आपल्या हाती नसते. बाजार कोसळतो, धोरण बदलते, नदीला पूर येतो. परंतु संकटात माणसाला अंधारात ठेवायचे की त्याच्या हाती दिवा द्यायचा, हे मात्र माणसांच्याच हाती असते. खरे, हिताचे आणि वेळेवर बोलणारा एक माणूस खात्यात असला तर शंभर जणांची झोप वाचते. आपल्यातून अशी माणसे तयार होवोत, हीच सदिच्छा.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. दद्दभ जातकातील सिंहाने वापरलेले चार टप्पे आपल्या कामाच्या ठिकाणी कसे लागू करता येतील?
२. सत्य, हित आणि वेळ या तीन कसोट्यांवर गेल्या वर्षभरात ऐकलेली एक सूचना तपासा.
३. कंत्राटी कामगारापर्यंत माहिती पोहोचविण्यासाठी आपण स्वतः काय करू शकतो?
४. गोड बोलणे आणि सम्यक् वाचा यांतील फरक उदाहरण देऊन सांगा.

जय भीम! नमो बुद्धाय!